दाताची वाट

आमच्या गावच्या बागेत एक गोटा होता. गोटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे हातात मावणारा दगड येईल. आमच्याकडे घराएवढ्या दगडालाही गोटाच म्हणतात. हा तर घराहूनही मोठा. काळा, गुळगुळीत, तलावाकडे तोंड करून बसलेल्या हत्तीसारखा, म्हणून हत्तीगोटा. अर्जुनीच्या बाजाराहून बैलबंडीनं परत येताना आंब्यांच्या शेंड्यांवर आधी त्याची पाठ दिसायची, मग गाव.

बाग मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची होती. आंबे, पेरू, लिंबं, आणि मधोमध तो गोटा. भोवती काट्याचं कुंपण, कुंपणाला एक राखणदार, आणि राखणदाराच्या तोंडात सगळ्या गावच्या पोरांसाठी शिव्या. पुढे मालगुजारी गेली. मालगुजार नागपूरला राहायला गेले, राखणदार घरी बसला. बाग कोणी गावाला लिहून दिली की नाही, मला ठाऊक नाही. लोकांनी कुंपणाच्या काटक्या चुलीला नेल्या आणि त्या उन्हाळ्यापासून बाग सगळ्यांची झाली, एवढं मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

माझी मोठी बहीण तेव्हा नव्हती. दोन पावसाळ्यांआधी तापानं गेली होती. तिला त्या गोट्याचं भारी वेड. कुंपणाच्या फटीतून बघत उभी राहायची आणि मला म्हणायची, "एक दिवस मी थ्या हत्तीच्या डोक्यावर बसतो का नाही पाह्य!" आमच्याकडे बायाही 'करतो', 'बसतो' असंच बोलतात. राखणदार काठी घेऊन धावला की मला कडेवर उचलून पळायची. बाग खुली झाली आणि आम्ही सगळ्या पोरी आत शिरलो तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हेच, की बाग खुली व्हायला उशीर झाला.

तर त्या गोट्यावर चढायच्या वाटा. आता तुम्ही म्हणाल, दगडाला कसल्या वाटा? पण पोरं रोज चढायला लागली की वाटा पडतात, आणि पडल्या की कोणती सोपी, कोणती अवघड यावर भांडणंही होतात. ती भांडणं मिटवली माझ्या चुलतबहिणीनं. ती माझ्या मोठीमायची, म्हणजे मोठ्या काकूची मुलगी. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, लांब हातापायांची, तोंडानं तिखट. तिनं वाटांना नावं दिली, आणि नावातच वाट किती कठीण ते सांगून टाकलं.

आंब्याकडून चढणारी ती घागरीची वाट. डोक्यावर भरली घागर घेऊन बाईमाणूस चढून जाईल इतकी सोपी. हत्तीच्या शेपटाकडून जाणारी एका हाताची. एका हातानं दगड धरायचा, दुसऱ्या हातात विळा असला तरी चालेल. तिच्या बाजूची दोन हातांची. आणि तलावाच्या अंगानं, जिथं गोटा सरळ उभा होता, तिथली दाताची. तिथं एका चिरेत दोन्ही हातांची बोटं घालून पाय कमरेपर्यंत वर उचलावा लागायचा. आम्ही परकर नेसणाऱ्या पोरी. पाय उचलला की परकर पायात येणार, खोचला तर त्याच जागी सुटणार, आणि हात तर दोन्ही गुंतलेले. म्हणून परकराचा काठ दातात धरायचा. पोट्ट्यांना त्या वाटेचं काही वाटायचं नाही, त्यांच्या अंगात चड्ड्या. पण नाव आमच्या चुलतबहिणीनं ठेवलं होतं, तेच चाललं. पोट्टेसुद्धा म्हणायचे, "आज मी दाताच्या वाटेनं गेलो," आणि आम्ही हसायचो.

मी मात्र घागरीच्याच वाटेनं जायची. दोन हातांची एकदा केली आणि गुडघा फोडून घेतला. तेव्हापासून चुलतबहीण मला वरून ओरडायची, "आली का वं घागरवाली? पानी सांडू नको हं!" सगळ्या हसायच्या. मला लागायचं ते. पण घरी कोणाला सांगणार? मायला सांगून उपयोग नव्हता.

मायचं सांगते. मोठी बहीण गेल्यापासून मायचा कान घरात नसायचा. काम सगळं व्हायचं. रोवणी, निंदणी, धान कुटणं, कशात उणं नाही. पण मी तिच्याशी बोलायला लागले की ती माझ्या तोंडाकडे न बघता दाराकडे बघायची. त्याला कारण होतं. माझा आवाज. सगळे म्हणायचे, हिचा आवाज दिवसेंदिवस तिच्यासारखाच होत चालला. परसातून मी "माय" म्हणून हाक मारली की माय हातातलं टाकून धावत बाहेर यायची, मला बघायची, आणि तशीच आत जायची. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उतरायचं ते मी या वयातही विसरलेली नाही. मी बापडीनं काय केलं होतं? मी फक्त हाक मारली होती.

एकदा तर भर दुपारी घरात मी झोपलेली, आणि माय हाक ऐकू आली म्हणून बोडीच्या पाळीपर्यंत, म्हणजे लहान तळ्याच्या बांधापर्यंत, धावत गेली. मोठीमायनं तिला हाताला धरून आणलं आणि ओसरीवर बसवून सांगितलं, "पाह्य, जितं मानूस गरज पडली त तीनदा हाक मारते. मेलेलं दोनदाच मारते. तिसऱ्यांदा त्याले येतच नाही. आजपासून तिसऱ्या हाकेबिगर 'ओ' देऊ नको. उठू बी नको. नाहीतर एक दिवस त्याच्यामागं जाशीन."

आमच्या भागात हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण पाळायचं ते तिन्हीसांजेला, रानात, परक्या आवाजाला. मायनं ते घरातही पाळलं, दिवसाढवळ्या पाळलं. त्या दिवसापासून मला जेवायला मागायचं असलं तरी तीनदा हाक मारावी लागायची. पहिल्या हाकेला ती नुसती थांबायची. दुसरीला डोळे मिटायची. तिसरीला "ओ" म्हणायची. तुम्हाला हसू येईल, पण दहा-अकरा वर्षांच्या पोरीला हे काय वाटत असेल! मला एकच हवं होतं. मायनं एकदा तरी पहिल्याच हाकेला मला ऐकावं. मला, मीच म्हणून.

त्या वर्षी चैत्रात माझ्यासाठी नवा परकर शिवला होता, लाल, खाली हिरवा काठ. मायनं शिवणाऱ्याच्या पुढ्यात बसून एक-एक टाका बघितला होता. तो परकर नेसून मी एका दुपारी एकटीच बागेत गेले. चुलतबहिणीला घरी भाताचं निवडण पडलं होतं. म्हटलं, हीच वेळ. दाताची वाट कोणाच्या नकळत जमवायची आणि उद्या सगळ्यांपुढे चढून दाखवायची. मग बघू कोण घागरवाली म्हणतं ते.

दिवस कलायला लागला होता. गोट्याच्या खाली, थोडं अंतर सोडून, तलावाचा घाट. धुणंवाल्या बाया निघून गेल्या होत्या. एकटी माय उरली होती, कारण तिच्याजवळ घरभरच्या गोधड्या होत्या. माझ्याकडे पाठ करून ती दगडावर धुणं आपटत होती. थप्, मग पाण्यावरून परत येणारा बारका आवाज, मग पुन्हा थप्. मी मुद्दामच तिला काही सांगितलं नाही.

चढले. चिरेत बोटं घातली, काठ दातात धरला, पाय उचलला, आणि जमलं की हो! अंगभर मुंग्या आल्या. आणखी एक पाऊल, आणखी एक. मग आला हत्तीचा कान. म्हणजे गोट्यातून बाहेर आलेला एक कंगोरा. तो हाताला लागला की वरचं सोपं. माझी चुलतबहीण लांब हातांची, तिला तो लागायचा. माझा हात एका वितीनं कमी पडला. टाच वर केली, तरी नाही. मग म्हटलं, उतरावं. खाली बघितलं तर ज्या खाचेवरून आले ती दिसेना. परकरच आड येत होता. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंची, आणि खाली मोकळे दगड.

त्या वाटेची एक गोष्ट आम्हा पोरींच्या कधी ध्यानातच आली नव्हती. दातात काठ असला की ओरडता येत नाही. ओरडायचं तर काठ सोडायचा, आणि काठ सोडला की तो पायाखाली जाणार. सगळ्या जणी असायच्या तेव्हा ओरडायची गरजच पडली नव्हती.

उजवा पाय खाचेवरून सरकायला लागला. अंगठा रुतवला तरी थांबेना. शेवटी मी काठ सोडला आणि हाक मारली, "माय!"

धुणं थांबलं. मायचा हात वरच्या वर राहिला. तिनं ऐकलं होतं, पाठीवरून कळत होतं. आणि मग तो हात खाली आला. थप्.

मी म्हटलं, असू दे, एक झाली. तिला नियम आहे, मलाही माहीत आहे. दुसरी मारली. "माय वं!"

या वेळी ती थांबलीसुद्धा नाही. उलट जोरानं आपटायला लागली, भराभर, जसं काही त्या आवाजाखाली माझी हाक बुडवायची होती. काय वाटलं मला ते कसं सांगू? मी वर दगडाला चिकटलेली, माझी माय खाली, तिनं मला ऐकलेलं, आणि मी ऐकू येऊ नये म्हणून ती आपटते आहे! त्या घटकेला मलाच शंका आली, बरं का. वाटलं, मी जिवंत आहे ना? का मीच ती गेलेली बहीण आहे, आणि जिवंत असलेली मी तिकडे घरी बसले आहे?

परकर पायाखाली आला होता. मान वाकडी करून मी काठ पुन्हा दातात घेतला, तोल सावरला. तिसरी हाक राहिली होती. एकच. तोंड उघडायचं आणि मारायची. पण तोंड उघडलं तसा काठ सुटला, दगडाच्या टोकात अडकला आणि टर्रकन फाटला. आणि माझ्या तोंडून हाक गेलीच नाही. गेलं ते असं, "अवो, माहा परकर फाटला वं! नवा परकर!"

माय ताडकन उठली.

ती वळली, वर बघितलं, आणि गोधडी पाण्यात सोडून धावत आली. मी समजले, आता वरपर्यंत शिव्या येतील. एक शब्द आला नाही. तिनं लुगड्याचा पदर गोळा केला, दातात धरला, आणि त्याच वाटेनं चढायला लागली. आयुष्यात कधी त्या गोट्याला हात न लावलेली बाई. माझ्या खाली आली आणि तिचा तळवा माझ्या टाचेला लागला. ओला, गार, साबणानं बुळबुळीत. तिनं टाच धरली आणि खाली ओढून एका खाचेवर ठेवली. मग दुसरी. ती बोलू शकत नव्हती, मी बोलू शकत नव्हते. फाटका काठ मी पुन्हा दातात घेतला होता. दोघींचे श्वास तेवढे. अशी एक-एक खाच आम्ही उतरलो.

खाली आल्यावर मी वाट बघितली, मारते का पोटाशी धरते. तिनं दोन्ही केलं नाही. पदर तोंडातून काढला आणि विचारलं, "किती हाका मारल्या तू?"

"दोन."

"तीन."

"दोनच वं माय. मग परकर फाटला म्हनून बोंबलली."

"परकराचं मले काहीच नाही आयकू आलं," माय म्हणाली. "तिसरी हाक आली, म्हनून उठली मी."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती. गोट्याच्या माथ्याकडे बघत होती, हत्तीच्या डोक्याकडे. मग खाली वाकून तिनं माझा परकर हातात घेतला, फाटलेलं बघितलं. "शिवून देतो," म्हणाली, आणि वाहत चाललेली गोधडी आणायला पाण्यात शिरली.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी ती हलक्या आवाजात मोठीमायला सांगत होती. मी दाराआड.

"गोट्याचा पडसाद असन," मोठीमाय म्हणाली. "थो गोटा बोलते, पोट्टे तेच करून राहतात दिवसभर."

"पडसाद तलावाच्या पाळीकडून येते. हे वरून आली. हिच्या बी वरून. डोक्यावर बसून कोनी हाक मारावी तशी."

"मंग त्यात काय झालं? मेलेलं दोनदाच मारते."

"म्हनूनच त म्हनतो ना बाई," माय म्हणाली. "दोन हिनं मारल्या. हिच्यासाठी तिसरी तिनं मारली."

मोठीमायनं फुंकणीनं चूल फुंकली. मग म्हणाली, "तुले काय, तुया दोन्ही पोरी तुया कानातच आहेत," आणि चुलीत लाकूड सारलं.

मला राग आला. आता या वयात त्या रागाला नाव देता येतं, तेव्हा देता येत नव्हतं. मी वर लटकले होते, परकर माझा फाटला, बोंब मी मारली, आणि मायला उठवणारी ती! रात्रंदिवस हेच डोक्यात. माय माझ्यासाठी चढली होती का तिच्यासाठी? तो गार तळवा कोणाच्या टाचेला लागला होता? आणि दुसरीकडे भीती. कारण एकदा ऐकलं की मन तेच ऐकायला लागतं. मी बागेत जाणं सोडलं. चुलतबहीण घरी येऊन चिडवायची, "काऊन वं घागरवाली, आता घागरीची बी वाट झेपत नाही का?" मी म्हणायची, पोटात दुखून राहिलं.

आठ-दहा दिवस गेले असतील. एका दुपारी मायनं धुणं काढलं आणि मला म्हणाली, "चाल माह्यासंगं." धुणं थोडंच होतं, दोन लुगडी. घाटावर आल्यावर तिनं ते खाली ठेवलं, भिजवलंसुद्धा नाही.

"सोप्या वाटेनं जा वर," ती म्हणाली. "जा आन मले हाक मार. दोनदाच मार. मंग गप राह्य."

"कायले?"

"मार म्हनतो ना."

मी घागरीच्या वाटेनं वर गेले. गोट्याचा माथा उन्हानं तापलेला. पायाला चटके बसत होते. खाली माय घाटावर उभी, तोंड वर करून. मी हाक मारली, "माय!" पाळीकडून बारीक पडसाद आला, "आय". थोडं थांबून दुसरी मारली. पुन्हा तसंच. मग गप्प राहिले.

माय हलली नाही. ती माझ्याकडे बघते आहे असं आधी वाटलं. नीट बघितलं तेव्हा कळलं, तिची नजर माझ्या थोडी वर होती. बाजूला आंब्याची पानंसुद्धा हलत नव्हती. मला वळून मागं बघायची हिंमत झाली नाही. खरं सांगते, माझ्या मानेपाशी कोणीतरी श्वास घेतं आहे असं वाटत होतं, आणि तो श्वास वाईट नव्हता. आणि माझ्याच गळ्यात तिसरी हाक येऊन बसली होती. आवाज तर एकच. मी मारली असती तर मायला कळलंही नसतं. तिला हवं ते मिळालं असतं. पण मग ती हाक कोणाची झाली असती? मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. तलावावरून एक बगळा गेला. माय उभीच. तिच्या खांद्यावरचा पदर घसरला, तिनं तो सावरला नाही.

शेवटी तिनं हात हलवला. ये खाली.

मी उतरले. ती लुगडी पाण्यात बुडवत होती, मान खाली घालून. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"तवाची तिसरी बी तूच मारली असशीन," माय म्हणाली. "भेवानं ध्यान नसन राह्यलं तुले."

मी मारली नव्हती. तिला ते माहीत होतं आणि मलाही.

"हो," मी म्हटलं. "मीच मारली असन."

"हं," ती म्हणाली. एवढंच. मग दोघींनी लुगड्यांची टोकं धरून पिळली. ती उजवीकडे पिळते, मी डावीकडे.

घरी निघालो तेव्हा धुण्याचं पातेलं तिच्या डोक्यावर, मी मागं. बागेबाहेर पडलो, बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे भातखाचराच्या बांधावरून, चाललो होतो. उन्हं पिवळी झाली होती. काय मनात आलं कोण जाणे, चालता चालता मी अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "माय."

"ओ," माय लगेच म्हणाली. आणि मग पातेलं हातानं धरून मागं वळली, कोण आहे ते बघायला.